बॅकएंडवाल्यांनी बिटकॉइन कोअरमध्ये शिरायचं कसं

जावा, गो किंवा पायथॉनमध्ये काही वर्षं सर्व्हिसेस लिहिलेल्या माणसाने ब्लॉकचेन नोडचा (नेटवर्कला जोडून प्रत्येक ब्लॉक स्वतः तपासणाऱ्या प्रोग्रॅमचा) कोड उघडला की त्यातलं बरंचसं ओळखीचं वाटतं. डेटाबेस आहे, कॅशे आहे, आरपीसी सर्व्हर आहे, थ्रेड आणि लॉक आहेत, प्रक्रियेची वाट बघणारी एक रांग आहे. क्रिप्टोग्राफीतली पीएचडी लागत नाही. प्रॉडक्शनमध्ये रात्री दोन वाजता डेडलॉक शोधलेला असेल, तर निम्मं भांडवल तुमच्याकडे आधीच आहे.

उरलेलं निम्मं म्हणजे सवयी बदलणं. त्यासाठी इथे बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरचं उदाहरण घेतो, कारण हा सगळ्यात जुना नोड आहे (जानेवारी २००९ पासून), एमआयटी लायसन्सखाली आहे, आणि योगदान कसं द्यायचं याचे नियम रेपोतच लिहून ठेवलेले आहेत. मुख्य कोड सी++ मध्ये आहे. पूर्ण नोड चालवून बघणाऱ्या टेस्ट पायथॉनमध्ये. म्हणजे सी++ कच्चं असलं तरी आत शिरायला एक दार आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचा क्रम उलटा वाटणार नाही. या प्रकल्पात पुल रिक्वेस्ट शेकड्यांनी उघड्या पडलेल्या असतात. कोड लिहून देणारे भरपूर आहेत, तो बारकाईने वाचणारे मोजके. म्हणून आधी चालवायचं, मग मोडून बघायचं, मग दुसऱ्याचं तपासायचं, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं लिहायचं.

हात कुठे लावायचा नाही

बॅकएंडमध्ये आपण डेटाबेस बदलतो, माइग्रेशन चालवतो, काही बिघडलं तर मागे घेतो. नोडमध्ये डिप्लॉय तुमच्या हातात नसतं. जगभरातले लोक आपापल्या मशीनवर आपापल्या सवडीने नवी आवृत्ती टाकतात, काही जण टाकतच नाहीत, आणि तरीही सगळ्यांचं उत्तर एकच यावं लागतं: हा ब्लॉक वैध की अवैध. या उत्तरावर परिणाम करणारा प्रत्येक नियम म्हणजे कन्सेन्सस.

कन्सेन्ससचा कोड कुठे संपतो हे ओळखणं वाटतं तितकं सोपं नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये ०.८ ही आवृत्ती आली. तिच्यात साखळीची नोंद बर्कले डीबी या डेटाबेसमधून काढून लेव्हलडीबी या दुसऱ्या डेटाबेसमध्ये नेली होती. कोणाही बॅकएंडवाल्याला हा निव्वळ स्टोरेज लेयरचा बदल वाटेल. मार्चमध्ये २,२५,४३० क्रमांकाचा एक मोठा ब्लॉक आला. नव्या नोडनी तो स्वीकारला, जुन्या नोडना तो पचेना. कारण बर्कले डीबी एका ट्रान्झॅक्शनमध्ये किती लॉक घेऊ शकते याला कॉन्फिगरेशनमध्ये मर्यादा होती, आणि त्या ब्लॉकला त्याहून जास्त लॉक लागत होते. साखळी दुभंगली. बड्या मायनिंग पूलनी (एकत्र येऊन नवे ब्लॉक बनवणाऱ्या गटांनी) ०.७ वर परत जाऊन जुनी बाजू लांब केली, तेव्हा कुठे काही तासांनी सगळे एका साखळीवर आले.

यातली मेख अशी की लॉकची ती मर्यादा कोणीही नियम म्हणून लिहिलेली नव्हती. डेटाबेसच्या कॉन्फिगरेशनमधली एक किंमत नकळत नेटवर्कचा नियम होऊन बसली होती. वर ती प्रत्येक मशीनवर सारखी लागू होईल याचीही खात्री नव्हती, कारण किती लॉक लागतील हे त्या मशीनवरच्या डेटाबेसची पानं कशी मांडली गेली आहेत यावर ठरत होतं. (हीच बर्कले डीबी जुन्या वॉलेटच्या फाइलींसाठी मात्र पुढे कितीतरी वर्षं टिकून राहिली. २०२५ च्या तिसाव्या आवृत्तीत तिला एकदाचा निरोप मिळाला.)

दुसरं उदाहरण आपल्या आणखी जवळचं. एका व्यवहारात तेच इनपुट (म्हणजे खर्चायचं नाणं) दोनदा आलं आहे का, ही तपासणी ब्लॉक पडताळताना पुन्हा करायची गरज नाही असं मानून वेग वाढवण्यासाठी वगळली गेली. तो बदल २०१७ च्या ०.१४ आवृत्तीबरोबर बाहेर पडला. सप्टेंबर २०१८ मध्ये कळलं की यामुळे मायनर मुद्दाम बनवलेल्या ब्लॉकने नोड पाडू शकतो, आणि ०.१५ पासून पुढे तर हवेतून नाणी निर्माण करू शकतो. ०.१६.३ ही आवृत्ती तातडीने काढावी लागली. सुदैवाने कोणी त्याचा गैरफायदा घेतला नव्हता. "ही तपासणी दोनदा होतेय, एक काढून टाकू" असं वाक्य आपण ऑफिसात सहज बोलतो. इथे ते बोलण्याआधी आठवडाभर कोड वाचायचा.

म्हणून सुरुवातीच्या काळात कन्सेन्सस फोल्डर, स्क्रिप्ट इंटरप्रिटर (नाणी खर्चायच्या अटी तपासणारा भाग) आणि व्हॅलिडेशनची हजारो ओळींची फाइल फक्त वाचण्यासाठी आहे असं धरून चाला. त्याला लागून पॉलिसी नावाचा वेगळा प्रदेश आहे: माझा नोड कोणता व्यवहार मेमपूलमध्ये (ब्लॉकची वाट बघणाऱ्या व्यवहारांच्या रांगेत) घेईल आणि पुढे पाठवेल, याचे नियम. पॉलिसी नोडागणिक वेगळी असली तरी साखळी दुभंगत नाही. पण तांत्रिक धोका कमी म्हणजे वाद कमी असं समजू नका. २०२५ मध्ये व्यवहाराला जोडायच्या माहितीची डीफॉल्ट मर्यादा वाढवण्यावरून जे रणकंदन झालं ते सगळं पॉलिसीवरूनच. नवख्याने तिकडे फिरकू नये हे माझं स्पष्ट मत आहे.

पायरी पहिली: बिल्ड करा आणि रीजटेस्टवर चालवा

"नोड चालवायचा म्हणजे सहाशे जीबीहून जास्त डिस्क लागेल" हे ऐकून बरेच जण इथेच थांबतात. खऱ्या नेटवर्कसाठी ते खरं आहे. प्रूनिंग चालू केलं तर जुने ब्लॉक पुसून ते ५५० एमबीपर्यंत खाली आणता येतात, तरी सगळे ब्लॉक एकदा उतरवून तपासावेच लागतात. डेव्हलपमेंटला यातलं काहीच लागत नाही. रीजटेस्ट या मोडमध्ये नोड शून्यापासून स्वतःची खाजगी साखळी सुरू करतो आणि तुम्ही सांगाल तेव्हा ब्लॉक काढतो. साधा लॅपटॉप पुरतो, इंटरनेटही नको.

बिल्ड २०२५ च्या एकोणतिसाव्या आवृत्तीपासून सीमेक या बिल्ड साधनावर आहे. इंटरनेटवरचे जुने लेख त्याआधीच्या ऑटोटूल्सच्या आज्ञा सांगतात. त्यांच्या नादी न लागता रेपोतल्या डॉक फोल्डरमधली तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमची बिल्ड फाइल उघडा. लिनक्स किंवा मॅक असेल तर सोयीचं. विंडोजवर असाल तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) उबुंटू टाका. जीयूआय बंदच राहू द्या. सीकॅशे (एकदा कंपाइल झालेला कोड पुन्हा वापरणारं साधन) मात्र पहिल्याच दिवशी बसवा. दुसऱ्यांच्या ब्रँच तपासायला दिवसातून चारदा बिल्ड करावं लागतं, तेव्हा त्याची किंमत कळते. त्याच डॉक फोल्डरमध्ये प्रॉडक्टिव्हिटी नावाची एक फाइल आहे, तीत अशा युक्त्या एकत्र दिल्या आहेत.

बिल्ड झालं की युनिट टेस्ट चालवा, मग पायथॉनच्या फंक्शनल टेस्ट. सगळ्या हिरव्या झाल्या तर तुमचं मशीन तयार.

आता रीजटेस्टवर डीमन उठवा, वॉलेट तयार करा (ते आपोआप बनत नाही), पत्ता घ्या आणि १०१ ब्लॉक काढा. १०१ का? मायनिंगचं बक्षीस १०० ब्लॉक वर चढल्याशिवाय खर्च करता येत नाही, म्हणून. पहिल्या ब्लॉकचे ५० बिटकॉइन तेव्हा मोकळे होतात. खुशाल उधळा, त्यांची किंमत शून्य आहे. व्यवहार पाठवताना फीचा अंदाज बांधता आला नाही म्हणून नोड नकार देईल, कारण अंदाज बांधायला मागे इतिहासच नाही. फॉलबॅक फी हा पर्याय सेट करा म्हणजे काम होईल. याला बग समजून इश्यू उघडायला जाऊ नका.

पायरी दुसरी: नकाशा

सोर्स फोल्डर पाहून घाबरायला होतं, पण बॅकएंडच्या भाषेत मांडलं तर पाच-सहा ठिकाणं आहेत. नेट आणि नेट-प्रोसेसिंग: पहिली फाइल सॉकेट आणि कनेक्शन सांभाळते, दुसरी आलेल्या मेसेजचं काय करायचं ते ठरवते. मेमपूल: ब्लॉकमध्ये न गेलेल्या व्यवहारांची मेमरीतली रांग, डीफॉल्ट मर्यादा ३०० एमबी, जुना व्यवहार १४ दिवसांनी बाद. व्हॅलिडेशन: वर म्हटलेला सोवळ्यातला भाग. चेनस्टेट: न खर्चलेल्या नाण्यांची यादी, लेव्हलडीबीत. वॉलेट: वेगळं, एसक्यूलाइटवर. आणि आरपीसी: जेसनमध्ये बोलणारा सर्व्हर, रीजटेस्टला १८४४३ पोर्टवर.

वाचताना दोन प्रश्न सतत विचारायचे. पहिला, हे इनपुट कोणाकडून आलं? पीअरकडून (जोडलेल्या दुसऱ्या नोडकडून) आलं असेल तर तो शत्रू आहे असं धरायचं. त्याने खोटे मेसेज लाखांनी पाठवले तर किती मेमरी जाईल, किती सीपीयू जाईल? दुसरा, इथे कोणता लॉक हातात आहे? सीएस-मेन नावाचा एक मोठा म्युटेक्स साखळीच्या स्थितीभोवती आहे आणि वर्षानुवर्षं लोक त्याची व्याप्ती कमी करत आलेत. कोणत्या व्हेरिएबलला कोणता लॉक लागतो याच्या खुणा कोडमध्येच लिहिलेल्या असतात आणि क्लँग कंपायलर त्या तपासतो. जावावाल्यांना याचा हेवा वाटेल.

काही फोल्डर या रेपोत दिसतात पण इथले नाहीत. सेक्प-२५६-के-१ (सह्यांची क्रिप्टोग्राफी करणारी लायब्ररी) आणि लेव्हलडीबी वगैरे बाहेरून आणून ठेवलेले सबट्री आहेत. त्यात बदल सुचवायचा तर मूळ प्रकल्पाकडे जावं लागतं. जीयूआयची कामंही वेगळ्या रेपोत चालतात, आणि भाषांतरं ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या साइटवरून येतात, पुल रिक्वेस्टमधून घेतली जात नाहीत.

पायरी तिसरी: एक फंक्शनल टेस्ट स्वतः लिहा

कोणालाही दाखवायला नव्हे, स्वतःसाठी. फंक्शनल टेस्टच्या फोल्डरमध्ये नवख्यांसाठीच लिहिलेली एक नमुना टेस्ट आहे. ती कॉपी करा आणि साखळी उलटण्याचा म्हणजे रीऑर्गचा प्रसंग उभा करा.

दोन नोड घ्या, जोडलेले. १०१ ब्लॉक काढा, दोन्ही एकाच उंचीवर आहेत हे बघा. आता त्यांची जोडणी तोडा. पहिल्या नोडवर एक व्यवहार पाठवा आणि एक ब्लॉक काढा. व्यवहार त्या ब्लॉकमध्ये गेला, त्याला एक कन्फर्मेशन मिळालं. दुसऱ्या नोडला याची खबर नाही. त्याच्यावर दोन रिकामे ब्लॉक काढा. आता दोघांना पुन्हा जोडा आणि एका उंचीवर यायची वाट बघा. दुसऱ्याच्या साखळीत जास्त काम झालेलं आहे, म्हणून पहिला नोड आपला ब्लॉक सोडून देतो. मघाचा व्यवहार कुठे गेला? पहिल्या नोडच्या मेमपूलमध्ये विचारा: तो तिथे परत आलेला दिसेल, कन्फर्मेशन शून्य.

ज्यांनी पेमेंट सिस्टिममध्ये काम केलंय त्यांना इथे जरा धक्का बसतो. "कमिट झालं" म्हणून पक्क्या धरलेल्या नोंदी परत कच्च्या होऊ शकतात आणि नोडच्या दृष्टीने यात वावगं काही नाही. ही टेस्ट एकदा हाताने लिहिली की मेमपूल आणि व्हॅलिडेशनमधलं निम्मं कोडिंग कशासाठी आहे ते उमगतं.

लिहिताना स्लीप वापरू नका. फ्रेमवर्कमध्ये अट पूर्ण होईपर्यंत थांबणारं फंक्शन आहे, तेच वापरायचं. ठरावीक सेकंद थांबणाऱ्या टेस्ट सीआयवर कधी पास होतात, कधी नाही, आणि रिव्ह्यूमध्ये पहिला आक्षेप त्यावरच येतो. टेस्ट फुटली तर तिचं तात्पुरतं फोल्डर न पुसता आपोआप ठेवलं जातं. त्यात प्रत्येक नोडचा पूर्ण लॉग मिळतो.

पायरी चौथी: दुसऱ्याचं काम तपासा

खरी सुरुवात इथे होते. रिव्ह्यू करायला कोणाची परवानगी लागत नाही, कुठलंही पद लागत नाही.

शब्द आधी समजून घ्या. "कॉन्सेप्ट ॲक" म्हणजे हा बदल व्हावा असं मला वाटतं; कोड मी तपासला असा त्याचा अर्थ होत नाही. "ॲप्रोच ॲक" म्हणजे करायची पद्धतही पटली. नुसतं "ॲक" आणि पुढे कमिटचा हॅश म्हणजे मी हाच कोड वाचला, तपासला आणि तो मर्ज व्हावा असं माझं मत आहे. "यूटी-ॲक" म्हणजे वाचला पण चालवून बघितला नाही. "नॅक" म्हणजे विरोध, आणि त्याला तांत्रिक कारण जोडावंच लागतं. कारणाशिवायचा नॅक कोणी मोजत नाही. "निट" म्हणजे किरकोळ सूचना. अंगठ्याच्या इमोजीला किंवा "छान दिसतंय" या शेऱ्याला इथे काही वजन नाही.

एक साधा नमुना घेऊ. समजा कोणीतरी पीअरची माहिती देणाऱ्या आरपीसीच्या उत्तरात एक नवं फील्ड टाकलंय. तुमच्यासाठी हे घरचं मैदान आहे. ब्रँच उतरवा. फक्त शेवटचा कमिट बिल्ड करून भागत नाही. प्रत्येक कमिट स्वतंत्रपणे बिल्ड होतो का, त्याच्यावर टेस्ट पास होतात का ते बघा, कारण पुढे बायसेक्ट करणाऱ्याला (बिघाड कोणत्या कमिटने आला ते शोधणाऱ्याला) ते लागणार आहे. मग प्रश्न. फील्ड कधी गायब असू शकतं आणि मदतीच्या मजकुरात तसं "ऐच्छिक" म्हणून नोंदवलंय का? (दस्तऐवज आणि प्रत्यक्ष उत्तर जुळतं का हे टेस्ट चालताना आपोआप तपासलं जातं, पण ऐच्छिक फील्डची प्रत्येक वाट टेस्टमध्ये येतेच असं नाही.) ही किंमत वाचताना कोणता लॉक घेतला आणि किती वेळ धरला? शंभरेक पीअर असलेल्या नोडवर कोणी ही आरपीसी दर सेकंदाला मारली तर? जुनं फील्ड काढलंय का? काढलं असेल तर जुन्या क्लायंटसाठी ते काही काळ फ्लॅग लावून परत मिळवायची पद्धत इथे आहे, ती पाळलीय का? रिलीज नोटची छोटी फाइल जोडलीय का?

आणि आता कोड मुद्दाम बिघडवा. नव्या फील्डची किंमत जिथे भरली जाते तिथे एक वाढवून टाका, किंवा अट उलटी करा, पुन्हा बिल्ड करून टेस्ट चालवा. टेस्ट तरीही पास झाली तर ती काहीच तपासत नाही. ही एक सवय लावून घेतलीत तरी तुमचे शेरे लोक वाचू लागतील. माझ्या मते नवख्याने द्यायची सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच: "अमुक ओळ अशी बदलली तरी टेस्ट हिरवीच राहते." त्याला उलट उत्तर नसतं.

ॲक लिहिताना काय केलं ते लिहा: कोणत्या सिस्टिमवर बिल्ड केलं, कोणत्या टेस्ट चालवल्या, काय बिघडवून पाहिलं, कोणता भाग समजला नाही. न समजलेलं लिहायला लाजू नका. लेखकाने नंतर ब्रँच बदलली तर तुमचा ॲक शिळा होतो. तेव्हा सगळं पहिल्यापासून वाचायची गरज नाही. गिटची रेंज-डिफ आज्ञा दोन आवृत्त्यांमधला फरक कमिटवार दाखवते. मर्ज होताना हे ॲक मर्ज कमिटच्या मजकुरात जातात, म्हणजे तुमचा शब्द इतिहासात कायम राहतो. जपून वापरा.

एकट्याने जमत नसेल तर पीआर रिव्ह्यू क्लबची जुनी टिपणं काढा. हा क्लब २०१९ पासून चालू आहे. एकेक पुल रिक्वेस्ट घेऊन तिच्यावर प्रश्न काढतात आणि त्यावर चर्चा होते. प्रश्नांची उत्तरं आधी स्वतः शोधा, मग चर्चा वाचा. भारतात बिटशाला ही मंडळी डेव्हलपरसाठी अभ्यासगट चालवतात. कॉलेजात असाल तर समर ऑफ बिटकॉइन हा ऑनलाइन इंटर्नशिपचा मार्गही आहे.

पायरी पाचवी: पहिलं काम निवडा

"गुड फर्स्ट इश्यू" हे लेबल आहे, पण त्यावर झुंबड असते. इश्यू तुमच्या नावावर लावून घ्यायची पद्धत इथे नाही. "मला द्या" असं विचारत बसू नका. कोणी आधीच हात घातला नाही ना हे बघा आणि कामाला लागा. मला त्याहून चांगली वाटणारी जागा म्हणजे "अप फॉर ग्रॅब्ज". कोणीतरी काम अर्ध्यावर नेलं, कल्पना लोकांना पटली, आणि मग लेखक नाहीसा झाला. असं काम उचलताना जुन्या शेऱ्यांची उत्तरं द्या आणि मूळ लेखकाचं नाव सहलेखक म्हणून कमिटमध्ये ठेवा.

बॅकएंडचा अनुभव कुठे लागू पडतो? अधूनमधून फुटणाऱ्या टेस्टचं मूळ शोधणं. हे ज्याला जमतं त्याचं सगळीकडे स्वागत होतं. आरपीसीच्या चुकांचे संदेश आणि कडेच्या अटी. २०२४ च्या अठ्ठाविसाव्या आवृत्तीत सर्व्हरला जेसन-आरपीसी २.० समजू लागलं, आणि अशा भागात प्रोटोकॉलचा काटेकोरपणा जाणणारी माणसं हवीच असतात. बेंचमार्क. टेस्टने न झाकलेल्या वाटांचा शोध. फझिंग, म्हणजे आपोआप बनवलेली वेडीवाकडी इनपुट देऊन कोड फुटतो का बघणं. आणि कोड न लिहिता करण्यासारखं एक मोलाचं काम: गिक्स (कुठल्याही मशीनवर तंतोतंत सारखं बिल्ड काढून देणारं साधन) वापरून रिलीजचं बिल्ड स्वतःच्या मशीनवर करायचं आणि निघालेल्या फाइलींचे हॅश सही करून नोंदवायचे. वेगवेगळ्या लोकांचे हॅश जुळले म्हणजे डाउनलोड होणारी फाइल खरोखर याच कोडमधून निघाली आहे याची खात्री पटते. डेव्हऑप्सवाल्यांनी इथूनच सुरू करावं.

टाळायचं ते: स्पेलिंग दुरुस्तीची एकोळी पुल रिक्वेस्ट, आणि "कोड नीटनेटका केला" छापाचं रिफॅक्टरिंग. ठोस फायदा नसलेलं रिफॅक्टरिंग थेट बंद होऊ शकतं असं नियमातच लिहिलंय. ते योग्यही आहे: व्हेरिएबलचं नाव बदलायला तुम्हाला पाच मिनिटं लागतात, पण ते तपासायला तीन माणसांचा तास जातो आणि दहा उघड्या ब्रँच कॉन्फ्लिक्टमध्ये पडतात. एआयकडून कोड लिहून घेतला असेल तर प्रत्येक ओळ का तशी आहे हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. नसेल येत तर उघडू नका.

पायरी सहावी: पुल रिक्वेस्ट

शीर्षकाची सुरुवात भागाच्या नावाने करा: टेस्ट, आरपीसी, नेट, वॉलेट, डॉक, रिफॅक्टर. एका कमिटमध्ये एकच गोष्ट. कोड हलवणं आणि कोड बदलणं कधीही एकत्र नको. वर्णनात काय केलं यापेक्षा का केलं आणि ते तपासायचं कसं हे लिहा. वर्णनात कोणाला ॲट लावून टॅग करू नका, कारण तो मजकूर मर्ज कमिटमध्ये जातो आणि पुढे कोणी कुठे तो कमिट कॉपी केला की त्या माणसाला सूचना जात राहतात.

मुख्य ब्रँच पुढे गेली तर रीबेस करा. तुमच्या ब्रँचमध्ये मर्ज कमिट नको. रिव्ह्यूतल्या दुरुस्त्या "फिक्स", "फिक्स २" अशा वेगळ्या न ठेवता मूळ कमिटमध्ये मिसळा. ऑफिसात स्क्वॅश-मर्जचं बटण हे काम करतं; इथे ते तुम्ही करायचं. इंटरॅक्टिव्ह रीबेस येत नसेल तर आधी तो शिका.

मग वाट बघा. छोट्या टेस्टच्या बदलाला आठवडे आणि मोठ्या कामाला महिने लागणं इथे नवल नाही. बरेच रिव्ह्यूअर युरोप-अमेरिकेत असतात, त्यामुळे पुण्यात बसलेल्याला उत्तरं रात्री येतात. तेव्हाच पळत जाऊन उत्तर देण्यात हशील नाही. सकाळी डोकं शांत असताना दिलेलं उत्तर बरं. मधल्या काळात इतरांच्या दोन-तीन पुल रिक्वेस्ट तपासा. ज्यांचं तुम्ही तपासता ते तुमचं बघायला येतातच असं नाही, पण तुमचं नाव ओळखीचं होतं. कॉन्सेप्टलाच नॅक मिळाला तर कारण वाचा, पटलं तर स्वतःच बंद करा. त्यात नामुष्की काही नाही. तिथल्या जुन्या-जाणत्यांच्याही बंद केलेल्या पुल रिक्वेस्ट ढिगाने सापडतील.

सी++ मुळेच पाय अडखळत असेल तर हट्ट करू नका. गोवाल्यांना इथेरियमचा गेथ हा नोड आहे, बिटकॉइनचाच बीटीसीडी हा नोड आहे. रस्टवाल्यांना रस्ट-बिटकॉइनच्या लायब्ररी आहेत. तिथले संकेत थोडे निराळे, पण कन्सेन्ससपासून लांब राहा, टेस्टपासून सुरू करा, हे तिथेही तसंच.

कागदोपत्री

नोकरी करत असाल तर नेमणूकपत्र काढून बौद्धिक संपदेचं कलम वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच आयटी कंपन्यांच्या करारात नोकरीच्या काळात लिहिलेला कुठलाही कोड कंपनीचा, असं सरसकट लिहिलेलं असतं. मॅनेजरची तोंडी हरकत नसणं पुरेसं नाही. एचआर किंवा लीगलकडून मेलवर परवानगी घ्या. कंपनीचा लॅपटॉप वापरू नका, कमिटवर कंपनीचा ईमेल नको.

कोड लिहायला एकही नाणं विकत घ्यावं लागत नाही, त्यामुळे २०२२ पासूनच्या आभासी मालमत्तेवरच्या ३० टक्के कराचा इथे संबंध येत नाही. पुढे ब्रिंक किंवा ओपनसॅट्ससारख्या संस्थांकडून अनुदान मिळालं आणि ते बिटकॉइनमध्ये आलं, तर मात्र पैसे हातात पडायच्या आधी सीएला भेटा. अनुदान मागताना ते बघतात तो तुमचा रिव्ह्यूचा इतिहास. वर्षभराचं सातत्य दिसलं पाहिजे.

आणि कधी खरंच असं काही सापडलं की ज्याने नोड पाडता येईल किंवा पैसे खोटे बनवता येतील, तर इश्यू उघडू नका, पुल रिक्वेस्ट उघडू नका, मित्रालाही सांगू नका. रेपोतल्या सिक्युरिटी फाइलमध्ये खाजगीत कळवायचा पत्ता आणि संदेश एन्क्रिप्ट करायच्या किल्ल्या दिल्या आहेत. तिथे कळवा आणि ते सांगतील तोवर गप्प राहा. २०२४ पासून प्रकल्पाने अशा त्रुटींच्या चार पातळ्या ठरवून त्या कधी जाहीर करायच्या याचं धोरण आखलंय, आणि जुन्या त्रुटींची सविस्तर टिपणंही प्रसिद्ध केली आहेत. दर आठवड्याला त्यातलं एक टिपण घ्या आणि ती चूक दुरुस्त करणारा कमिट शोधून वाचा.